शेततळ्यातली दांडगी चिलापी : भांडण का होते आणि ते कसे आवरावे



बांधावर भेट झाली की शेततळे असलेले कास्तकार एक प्रश्न हमखास काढतात. "साहेब, तळ्यात चिलापीच्या हजार बोटुकल्या सोडल्या. कोंडा टाकतो, ढेप टाकतो. आता जाळं ओढलं तर चार मासे ताटाएवढे अन् बाकी सारे बोटाएवढे. कितीकांच्या शेपट्या फाटेल हायेत. हे कसं काय झालं?"

प्रश्न रास्त आहे. बी खराब असेल, पाण्यात दोष असेल, कोणाची नजर लागली असेल, असे नाना तर्क केले जातात. खरे कारण या माशाच्या स्वभावात आहे. चिलापी हा मासा दांडगा आहे. जागेसाठी भांडतो, अन्नासाठी भांडतो आणि विणीच्या वेळी तर जवळ कोणालाही येऊ देत नाही. त्याचा स्वभाव आपण बदलू शकत नाही. पण भांडणाचे कारण काढून घेतले तर तेच मासे एका तळ्यात गुण्यागोविंदाने वाढतात. ते कसे करावे हे या पत्रकात सांगितले आहे.

हा मासा कोण?

चिलापी म्हणजेच तिलापिया. मूळचा आफ्रिकेचा. शास्त्रज्ञ ज्या कुळाला सिक्लिड म्हणतात, त्या कुळातला. हे कुळ मोठे आहे. आपल्या देशातही त्याचे भाऊबंद आहेत. केरळात ज्याला करीमीन म्हणतात तो मासा याच कुळातला. नागपूरकडे एखाद्या घरी काचेच्या टाकीत ऑस्कर किंवा कपाळावर टेंगूळ असलेला फ्लॉवरहॉर्न पाहिला असेल, तर तेही याच घराण्यातले. पिलांची राखण करणे आणि जागेवर हक्क सांगणे, हे दोन गुण या घराण्यात पिढीजात आहेत.

मोझांबिक जातीचा तिलापिया भारतात १९५२ साली आणला गेला. कुठल्याही पाण्यात तगतो, काहीही खातो, म्हणून त्याचे कौतुक झाले. पुढे तो तलावांत आणि धरणांत आपोआप पसरला. भीमेवरच्या उजनी धरणात आज चिलापीचेच राज्य आहे आणि भिगवणच्या मासळी बाजारात ती ढिगाने येते. नंतर नाईल जातीचा तिलापिया आला. त्यातूनच निवड पद्धतीने सुधारलेले 'गिफ्ट' वाण तयार झाले. हे काम १९८८ मध्ये फिलिपाईन्समध्ये सुरू झाले. आपल्या देशात राजीव गांधी जलसंवर्धन केंद्राने आंध्र प्रदेशात विजयवाड्याजवळ गिफ्ट तिलापियाच्या बीजाचे काम हाती घेतले.

दोन्ही जाती ओळखण्याची खूण लक्षात ठेवा. मोझांबिक जातीचा नर विणीच्या वेळी काळाकुट्ट होतो, गळा पांढरा पडतो आणि परांच्या कडा लाल दिसतात. नाईल जातीच्या शेपटीवर उभे बारीक पट्टे असतात. शेततळ्यासाठी नाईल जातीचे सुधारित वाणच घ्यावे. नाल्यातून किंवा तलावातून धरून आणलेली चिलापी तळ्यात सोडू नये. ती बहुधा मोझांबिक किंवा सरमिसळ असते, लवकर विते आणि खुरटी राहते.

भांडण कशासाठी?

वयात आलेला नर तळाच्या मातीत, उथळ पाण्यात, तोंडाने माती उचलून ताटासारखा गोल खळगा करतो. हे त्याचे घर. त्या खळग्याभोवती तो सीमा आखतो आणि आत येणाऱ्या प्रत्येक नराला हाकलतो. मादी आली की खळग्यात अंडी घालते, ती फळली की तोंडात उचलून घेते आणि निघून जाते. आठवडा-दोन आठवडे अंडी व पिले ती तोंडातच सांभाळते. त्या काळात ती जवळजवळ उपाशी असते. म्हणून मादी वाढत नाही. नर मात्र खात राहतो, भांडत राहतो आणि मोठा होतो.

पाणी ऊबदार असेल तर ही वीण पुन्हा पुन्हा होते. दोन-तीन महिन्यांचे मासेही विऊ लागतात. तुम्ही हजार सोडले होते, चार महिन्यांनी तळ्यात किती हजार झाले याचा पत्ता लागत नाही. खाद्य तेवढेच, तोंडे वाढली. त्यात जो दांडगा तो खाद्याच्या जागेवर उभा राहतो, बाकीच्यांना फिरकू देत नाही. मोठा आणखी मोठा होतो, लहान लहानच राहतो. "चार ताटाएवढे अन् बाकी बोटाएवढे" याचे कारण हे असे आहे.

मार खाल्लेला मासा ओळखू येतो. त्याच्या शेपटीच्या व परांच्या चिंध्या होतात, अंगावरचे खवले निघालेले असतात. तो कोपऱ्यात, पृष्ठभागाजवळ एकटा राहतो. जखमेवर पुढे कापसासारखी पांढरी बुरशी धरते. असे मासे दिसू लागले की तळ्यात भांडण लागले आहे असे समजावे.

काचेच्या टाकीवाल्यांकडून शिकण्यासारखे

शहरात हौसेने हे दांडगे मासे पाळणारे लोक आहेत. दहा-वीस मासे एका मोठ्या टाकीत ठेवायचे आणि एकानेही दुसऱ्याला मारू नये, हे त्यांचे रोजचे कोडे. अनुभवातून त्यांनी काही नियम बसवले आहेत.

पहिला, सारे मासे सारख्या आकाराचे घ्यायचे. दुसरा, सारे एकाच वेळी टाकीत सोडायचे, म्हणजे कोणीही आधीचा मालक राहत नाही. तिसरा, नवीन मासा घालायचाच असेल तर आतले दगड-कपारी हलवून मांडणी बदलायची. जुन्या माशांच्या सीमा मोडतात आणि सर्वांना नव्याने सुरुवात करावी लागते. चौथा नियम ऐकायला उलटा वाटेल. दोन-चार मासे ठेवण्याऐवजी थोडी दाटी ठेवायची. दोनच असले की दांडगा दिवसभर एकालाच मारतो. वीस असले की कोणाकोणाला हाकलणार? मार वाटला जातो आणि सीमा राखणे त्याला परवडत नाही. मात्र दाटी केली की पाणी लवकर घाण होते, म्हणून पाणी गाळण्याची व बदलण्याची सोय दुप्पट ठेवावी लागते.

शेततळ्यालाही हेच तत्त्व लागू आहे. फक्त तिसरा नियम सोडून द्या. तळ्यात दगड, फांद्या टाकू नका. प्लॅस्टिकचे अस्तर फाटते आणि जाळे अडकते. बाकीचे तीन नियम शेतात कसे वापरायचे ते आता पाहू.

उपाय पहिला : सगळे नर घ्या

"एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, मग हजार नर कसे राहतील?" ही शंका अगदी योग्य आहे. पण नराचे मोठे भांडण मादीसाठी आणि खळग्यासाठी असते. मादी नसली की वीण होत नाही, पिलांची गर्दी होत नाही आणि खाल्लेले सारे अंगाला लागते. नर मादीपेक्षा लवकर वाढतो, हा आणखी एक फायदा. म्हणून बीज केंद्रावरून एकलिंगी, म्हणजे सर्व नर असलेले बीज मागावे. हे बीज तयार करण्याची प्रक्रिया केंद्रावरच, पिले अगदी बारीक असताना होते. ती घरी करू नये.

शंभर टक्के नर क्वचितच मिळतात, थोड्या माद्या राहतात. मासा ५० ग्रॅमच्या आसपास झाला की पोटाखाली पाहून ओळखता येते. नराला दोन छिद्रे असतात, मादीला तीन. जाळे ओढाल तेव्हा सापडलेल्या माद्या बाजूला काढा आणि खाण्यास वापरा. नाल्यात सोडू नका.

उपाय दुसरा : सारखा आकार, एकच वेळ

बोटुकली घेताना परातीत पाणी घेऊन नमुना पाहा. एक बोटाएवढी आणि दुसरी करंगळीच्या अर्धी असेल तर ते बी घेऊ नका. आज जो थोडा मोठा आहे तोच उद्याचा दांडगा. शक्यतो १० ते २० ग्रॅमची बोटुकली घ्यावी. लहान बीज मिळाले तर तळ्यातच हापा, म्हणजे मच्छरदाणीसारख्या जाळीचा पिंजरा, बांधून त्यात महिनाभर वाढवावे आणि मग सारख्या आकाराचे निवडून एकाच दिवशी तळ्यात मोकळे करावे. उरलेले लहान मासे हाप्यातच राहू द्यावेत.

पिशवी आणली की एकदम ओतू नका. पिशवी २०-३० मिनिटे तळ्याच्या पाण्यावर तरंगत ठेवा. मग थोडे थोडे तळ्याचे पाणी आत घ्या आणि मासे आपण होऊन बाहेर जाऊ द्या. हे काम सकाळी किंवा दिवस कलल्यावर करावे.

त्यानंतर दर तीन-चार आठवड्यांनी जाळे ओढून पाहा. फार पुढे गेलेले मासे काढून विका किंवा घरी खा. मोठे काढले की मागचे भराभर वाढतात. बरेच जण उलट करतात. लहान काढून टाकतात आणि मोठे "अजून वाढू दे" म्हणून ठेवतात. त्याने दांडगे तळ्यात राहतात आणि मार खाणारे बदलतात, एवढेच होते.

उपाय तिसरा : संख्या मोजून सोडा

फार थोडे सोडले तर प्रत्येक नर आपली जागा आखतो. फार जास्त सोडले तर प्राणवायू कमी पडतो. हवा मिसळण्याचे यंत्र नसलेल्या तळ्यात दर चौरस मीटरला दोन, फार तर तीन मासे हे प्रमाण ठीक पडते. आता हा हिशेब पाणी पूर्ण भरलेले असतानाचा करायचा की उतरल्यावरचा? उतरल्यावरचा करायचा. आपल्या जिल्ह्यात इथेच पुष्कळांची चूक होते, म्हणून थोडे आकडे पाहू.

२०१६ मध्ये सुरू झालेल्या 'मागेल त्याला शेततळे' योजनेतले मोठ्यात मोठे तळे ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल. बाजूंचा उतार एकास एक धरला तर तळ २४ बाय २४ मीटरचा राहतो. काठोकाठ भरले तर त्यात सुमारे २,२०० घनमीटर, म्हणजे २२ लाख लिटर पाणी मावते. पाणी दीड मीटरवर आले की साठा साधारण ९७५ घनमीटर राहतो, निम्म्याहूनही कमी. एक मीटरवर आले की फक्त ६२५ घनमीटर. मासे मात्र तेवढेच, आणि आता ते सुरुवातीच्या दहा-वीस पट वजनाचे झालेले असतात.

एक मीटर पाणी असताना पृष्ठभाग २६ बाय २६, म्हणजे ६७६ चौरस मीटर भरतो. दोनाच्या हिशेबाने १,३०० मासे झाले. थोडी मोकळीक ठेवून १,२०० सोडावेत. "शेजाऱ्याने पाच हजार सोडले" हे ऐकून आपण सोडू नये. त्याच्याकडे हवेचे यंत्र आहे का आणि चोवीस तास वीज आहे का, ते आधी विचारावे.

पीक आधी की मासे आधी?

शेततळे आपण खोदले ते पिकासाठी. बोंडे भरताना पावसाने ताण दिला, किंवा हरभऱ्याला फुलोऱ्यात पाणी हवे असले, तर मोटार लावावीच लागते. एक हेक्टरला ५ सेंटीमीटर पाणी द्यायचे म्हणजे ५०० घनमीटर लागते. दोन पाळ्या दिल्या की १,००० घनमीटर गेले. शिवाय ऊन आणि पाझर आपला वाटा घेतातच.

पाणी उतरले की उथळ कडा वाढतात, मासे एकमेकांजवळ येतात आणि थांबलेले भांडण पुन्हा पेटते. पहाटे प्राणवायू सर्वांत कमी असतो, त्या वेळी मासे तोंड वर काढून हवा ओढताना दिसतात. हा धोक्याचा इशारा. त्या दिवशी खाद्य बंद ठेवा आणि मोटार लावून तळ्याचेच पाणी उंचावरून तळ्यात पाडा.

म्हणून माशांचे वेळापत्रक पिकाच्या पाण्याला जोडूनच ठरवा. जुलै-ऑगस्टमध्ये तळ्यात दीड-दोन मीटर पाणी झाले की बोटुकली सोडा. पहिल्या पाळीनंतर जाळे ओढून मोठे मासे काढा. दुसऱ्या पाळीच्या आधी निम्मे मासे विक्रीस काढा. डिसेंबर-जानेवारीत थंडी वाढली की चिलापीची भूक मरते. पाण्याचे तापमान १६-१७ अंशांखाली गेले तर ती खाणेच सोडते आणि ११-१२ अंशांखाली जगणे कठीण. तेव्हा थंडीच्या तोंडावर बहुतेक मासे काढून घेणे शहाणपणाचे. चार-पाच महिन्यांत, खाद्य व निगा नीट असल्यास, पाव किलो व त्याहून अधिक वजनाचा मासा हाती येतो.

हरभरा वाळवून मासे जगवू नका आणि मासे मारून हरभरा भिजवू नका. आधी मासे काढा, मग पाणी काढा.

उपाय चौथा : खाद्य सर्वांना पोचू द्या

एकाच कोपऱ्यात खाद्य टाकले की दांडगे तिथे ठाण मांडतात. चार बाजूंना, पसरून टाका. तरंगणारे गोळी खाद्य घेतल्यास कोण खातो, कोण मागे राहतो हे डोळ्यांनी दिसते. दिवसातून दोन वेळा, सकाळी ऊन वर आल्यावर आणि दुपारी उशिरा, ठरल्या वेळी द्यावे. मासे लहान असताना वजनाच्या सुमारे ५ टक्के, १०० ग्रॅमच्या आसपास ३ टक्के, पुढे २ टक्के. १,२०० मासे सरासरी १०० ग्रॅमचे असतील तर एकूण वजन १२० किलो. त्याच्या ३ टक्के, म्हणजे दिवसाला ३ किलो ६०० ग्रॅम. वीस मिनिटांत खाद्य संपले नाही तर दुसऱ्या वेळी कमी करा. ढगाळ, कोंदट दिवशी हात आखडता घ्या. अस्तर असलेल्या तळ्यात नैसर्गिक अन्न कमी असते, तिथे निव्वळ कोंड्यावर मासा वाढत नाही.

इतर माशांबरोबर ठेवावी का?

रोहू, कटला, मृगळ यांच्या तळ्यात नर-मादी मिश्र चिलापी कधीही सोडू नये. ती त्यांचे अन्न खाते आणि काही दिवसांत तळे आपल्याच पिलांनी भरून टाकते. नको असलेली पिले खाण्यासाठी काही ठिकाणी मरळ सोडतात. ही युक्ती चालते, पण मरळ चिलापीपेक्षा लहान असतानाच सोडावी. मरळ मोठी असली तर पिलांबरोबर तुमचे पीकही खाईल. शिवाय मरळी लहान-मोठ्या असल्या तर एकमेकींनाही गिळतात. नवख्याने या भानगडीत पडू नये.

तळ्याबाहेर जाऊ देऊ नका

हा मुद्दा शेवटी आला म्हणून कमी महत्त्वाचा समजू नका. चिलापी पालनासाठी शासनाच्या मार्गदर्शक सूचना आहेत. मत्स्यव्यवसाय विभागाकडे नोंदणी करून, अधिकृत केंद्राचे एकलिंगी बीज घेऊनच हे पालन करावे. यवतमाळला सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांचे कार्यालय आहे, तिथे आधी चौकशी करा. तळ्याच्या सांडव्याला व पाइपाच्या तोंडाला बारीक जाळी बसवा, भोवती कुंपण घाला आणि पक्ष्यांसाठी वरून जाळी ताणा. पूर येणाऱ्या नाल्याकाठच्या तळ्यात चिलापी नकोच. आपल्या तळ्यातून सुटलेली चिलापी अडाण, अरुणावती, बेंबळा, पैनगंगेत गेली तर तिथल्या गावठी माशांच्या जागा बळकावील आणि त्या पाण्यावर पोट असलेल्या भोई बांधवांना त्याचा फटका बसेल. घरच्या टाकीतले कंटाळा आलेले शोभेचे मासे तलावात सोडणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे.

आणखी दोन गोष्टी. कपाशीवर फवारणी केलेला पंप, बादली, हात-पाय तळ्यात धुवू नका. काही कीटकनाशकांचा अगदी थोडा अंशही माशाला पुरतो. आणि अस्तराचे तळे निसरडे असते. जाळे ओढताना एकट्याने उतरू नका. काठावर पक्क्या खुंटाला बांधलेला दोर आणि आत सोडलेली शिडी कायम असू द्या. लेकरांना तळ्याकडे एकटे पाठवू नका.

थोडक्यात

१) बीज सर्व नर, अधिकृत केंद्राचे घ्यावे.
२) सारख्या आकाराचे मासे एकाच दिवशी सोडावेत.
३) पाणी उतरल्यावर काय राहील ते मोजून संख्या ठरवावी.
४) खाद्य चारही बाजूंना पसरून द्यावे.
५) दर महिन्याला जाळे ओढून मोठे मासे व माद्या काढाव्यात.
६) पिकाला पाण्याची पाळी देण्यापूर्वी मासे काढावेत.
७) एकही चिलापी नाल्यात जाऊ देऊ नये.

तुमच्या तळ्याची लांबी, रुंदी, खोली आणि हरभऱ्याला पाण्याच्या किती पाळ्या देता, हे एका कागदावर मांडा आणि कृषी सहायकाला दाखवा. किती मासे सोडायचे ते त्यावरून ठरेल. हिशेब बी आणायला जाण्याच्या आधी करा, पिशवी तळ्यात मोकळी झाल्यावर करून उपयोग नाही.